वहीत नाव कोणाचं? जादूगारांवर कायदे रचणाऱ्या फँटसी लेखकांना खुलं पत्र

मराठीत फँटसी लिहिणाऱ्या, तिच्यावर खेळ रचणाऱ्या आणि ती छापणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बहुतेक राज्यांत एक प्रसंग हमखास येतो. जादूगार डोईजड झालेत असं राजाच्या मनात भरतं. दवंडी पिटली जाते की आजपासून राजाज्ञेशिवाय कोणी मंत्र म्हणायचा नाही. पुढच्या पानावर घोडेस्वार गावात शिरलेले असतात आणि नायिकेच्या बोटांतून पहिली ठिणगी उडालेली असते. मधलं पान मात्र कोरं राहतं. घोडेस्वारांना नेमकं घर कोणी दाखवलं? त्यांच्याकडे यादी होती का? असली तर ती कोणी लिहिली, कशावरून लिहिली, आणि चुकून नाव लागलं तर दाद कुठे मागायची? जादूगारांवरच्या नियंत्रणाचं सगळं राजकारण त्या कोऱ्या पानात आहे.

आम्ही सांगली-साताऱ्याकडची माणसं. आमच्यात जुनं दप्तर वाचणारे आहेत, वकिली करणारे आहेत, टेबलाभोवती फासे टाकून अशी राज्यं चालवणारेही आहेत. ते कोरं पान कसं भरावं हे सांगायला हे पत्र लिहितो आहोत. त्यासाठी परदेशातल्या किल्ल्यांची नक्कल करायची गरज नाही. लागणारा सगळा माल कृष्णाकाठी पडलेला आहे.

सुरुवात व्याख्येपासून करा. तुमच्या राजाच्या कायद्यात 'जादू' कशाला म्हणायचं ते खरोखर एका वाक्यात लिहून पाहा. लिहायला बसलात की तीन वाटा दिसतील: वस्तूवर बंदी, कृत्यावर बंदी, नाहीतर माणसावरच बंदी. राजा यांतली कोणती वाट धरतो त्यावरून पुढची तीनशे पानं ठरतात.

वस्तूची वाट सोपी वाटते, पण ती लवकर अडकते. तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद दसऱ्याच्या शोभेच्या दारूकामासाठी प्रसिद्ध आहे. काळी दारू म्हणजे ढोबळमानाने शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. आता गंधकावर बंदी घाला. त्याच तासगावात द्राक्षबागांवर भुरी हा बुरशीचा रोग पडतो आणि भुरीवर गंधकच मारतात. कोळसा बंद केला तर लोहाराची भट्टी विझते. धोका सुट्या वस्तूत नसतो. तो मिसळण्यात, साठ्यात, दोन साठ्यांमधल्या अंतरात आणि ठिणगीत असतो. म्हणून १८८४ चा स्फोटकांचा कायदा आणि त्याखालचे नियम बनवणं, साठवणं, नेणं आणि विकणं यांना वेगवेगळा परवाना लावतात. साठा वाढला की परवाना देणारा अधिकारीही बदलतो. तुमच्या राज्यात मंत्रासाठी राख, पारा आणि रक्त लागत असेल तर आधी विचारा, राख अजून कोणाकोणाला लागते? भांडी घासणारीला लागते, धान्य साठवणाऱ्याला लागते. राजाने राखेवर बंदी घातली की पहिल्या आठवड्यात त्याच्या विरोधात जादूगार नाही, अख्खी गल्ली उठेल. हा प्रसंग आम्हाला अजून कोणाच्या कादंबरीत भेटलेला नाही.

दुसरी वाट कृत्याची. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा हे तिचं जवळचं उदाहरण. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याला एक अनुसूची आहे, तीत बारा बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. नीट पाहिलंत तर मांत्रिक असणं हा त्यात गुन्हा नाही, कोणावर श्रद्धा ठेवणं हाही नाही. अमुक केलं तर गुन्हा, एवढंच. आपल्या जगात जादू खरी नाही, त्यामुळे हा कायदा फसवणूक आणि इजा पकडतो. तुमच्या जगात ती खरी असेल. तरी कृत्य पकडायचं की माणूस, हा प्रश्न तिथेही राहतो आणि जास्त धारदार होतो, कारण राजाकडे 'हा माणूस उद्या काहीही करू शकतो' असं म्हणायला खरं कारण असतं.

या कायद्याच्या वाटचालीत तुमच्यासारख्यांना उपयोगी अजून एक गोष्ट आहे. त्याचा मसुदा वारंवार बदलला. एखादा शब्द काढा, एखादी प्रथा वगळा, श्रद्धेला धक्का लागत नाही असं स्पष्ट लिहा, अशी ओढाताण वर्षानुवर्षं चालली. तुमच्या दरबारात कायदा एका रात्रीत सही होऊन बाहेर पडतो. त्याऐवजी मसुद्याचे दोन खर्डे शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात 'मंत्राने कोणाचंही मन वळवणं' हा गुन्हा आहे, दुसऱ्यात 'राजपुरोहित वगळून' एवढेच शब्द वाढले आहेत. वाचकाला सगळं कळेल, एकाही पात्राला भाषण करावं लागणार नाही.

तिसरी वाट माणसाची, म्हणजे जन्माची. इथे आम्हाला जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या कोणाला तरी लागतात.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेत लागू होता. १९११ मध्ये तो नव्याने केला आणि सगळ्या ब्रिटिश मुलखात लावता येईल असा केला, १९२४ मध्ये पुन्हा एकत्र बांधला. त्याची रचना सुटी करून पाहा. आधी सरकार अधिसूचना काढून एखादी अख्खी जमात 'गुन्हेगार' ठरवतं. मग त्या जमातीतल्या माणसांची नोंदवही तयार होते, बोटांचे ठसे घेतले जातात. नोंदलेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, राहतं घर कळवायचं, घर बदललं किंवा बाहेर मुक्काम केला तरी कळवायचं. फिरण्याची हद्द आखता येते. वस्तीत नेऊन ठेवता येतं. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत घालता येतं. गावचा मुखिया आणि जागल्या यांनी खबर द्यायची, न दिली तर त्यांनाही शिक्षा. आणि सगळ्या यंत्राची खीळ अशी, की अधिसूचना बरोबर की चूक हे कोर्टात विचारायचंच नाही. १८७१ च्याच कायद्यात तसं कलम होतं.

या यंत्रात कुठेही गुन्हा सिद्ध करायची पायरी नाही. नाव वहीत लागतं ते जन्मावरून, शिक्षा होते ती हजेरी चुकल्याबद्दल. तुमचा राजा 'मंत्रवंशीय' कुळांची वही करतो तेव्हा तो हाच कायदा लिहीत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं त्या वहीत होती, ती माणसं आज तुमची वाचक आहेत. त्यांच्या मुलांनी तुमचं पुस्तक उघडलं आणि त्यात जन्मतःच धोकादायक असलेली एक जमात दिसली, तिला आवरणारा राजा न्यायी ठरला, तर त्या मुलांना काय वाटेल याचा विचार करा. असा राजा लिहूच नका असं आमचं म्हणणं नाही. लिहा, पण वही कशी चालते ते पूर्ण दाखवा.

रामोशांचं उदाहरण घ्या. गडांची राखण आणि गावाची रखवाली ही त्यांची कामं. १८१८ नंतर राज्य बदललं, गडांवरची माणसं नको झाली. उमाजी नाईकांनी बंड केलं, १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. ज्या जमातीच्या भरवशावर गाव रात्री झोपायचं, तीच पुढे संशयितांच्या यादीत गेली. आज ती महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे, बेरड, कैकाडी, वडार यांच्याबरोबर. यात तुमच्या कादंबरीचा उगम आहे. युद्ध चालू असताना रणमांत्रिक हवे असतात. तह झाला की त्यांचा पगार बंद होतो, पण विद्या अंगात राहते. नियंत्रणाचा कायदा बहुतेक वेळा तहानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी यावा, खजिना रिकामा असताना आणि बेकार मांत्रिक गावोगाव फिरत असताना. राक्षसाने हल्ला केला म्हणून कायदा आला, यापेक्षा हे कारण कितीतरी खरं वाटतं.

आता ओळख पटवण्याकडे येऊ. राजगुरूकडे एक स्फटिक आहे, जादूगार जवळ आला की तो उजळतो, असं तुम्ही लिहिता आणि पुढे जाता. हिशेब करून पाहा. समजा राज्यात एक लाख माणसं आहेत, त्यांतल्या शंभरांना जादू येते. स्फटिक चांगला आहे, शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर सांगतो. सगळ्या राज्याची तपासणी केली तर शंभरांतले पंचाण्णव जादूगार सापडतील. उरलेल्या ९९,९०० साध्या माणसांपैकीही शंभरात पाच जणांपुढे तो उजळेल, म्हणजे ४,९९५ माणसांपुढे. वहीत एकूण ५,०९० नावं लागली, त्यांत खरे जादूगार ९५. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

कायद्यातली सगळी आग या आकड्यात आहे. जादूगार मोजके, अन्याय झालेले हजारो. त्या हजारोंची दुसरी तपासणी केली आणि दुसऱ्या वेळची चूक पहिलीपासून अगदी स्वतंत्र असली, तर ४,९९५ पैकी सुमारे अडीचशेच उरतील आणि खऱ्या जादूगारांतले नव्वद तरी हाती राहतील. मग दुसरी तपासणी मागायचा हक्क कोणाला? अर्जाला किती मोहोरा लागतात? अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा? राजधानीपर्यंत चालत यायला किती दिवस लागतात, तेवढे दिवस शेत कोण पाहणार? तुमची खरी लढाई इथे आहे. त्यातही बारकावा असा, की स्फटिक एखाद्या ठरावीक कारणाने चुकत असेल, समजा हिवतापाने अंग तापलेल्या माणसापुढेही उजळत असेल, तर दुसऱ्यांदाही तो तिथेच चुकणार. म्हणजे नदीकाठची तापाची गावं वहीत जातील आणि माळावरची कोरडी गावं सुटतील. मग माळावरचे लोक म्हणू लागतील की नदीकाठच्यांचं रक्तच तसलं. द्वेषाला कारण मिळालं आणि ते कारण एका काचेच्या खड्याने दिलं.

वही झाली, आता ती चालवायची. ५,०९० माणसांची रोज संध्याकाळी हजेरी. नाव पुकारायचं, माणूस समोर यायचा, खूण करायची, याला दोन मिनिटं धरा. दहा हजार एकशे ऐंशी मिनिटं झाली, म्हणजे जवळजवळ एकशे सत्तर तास. एक कारकून संध्याकाळी चार तास बसला तरी रोज त्रेचाळीस कारकून लागतात, तेही सगळी माणसं त्यांच्या दारात आयती उभी असतील तर. ती तशी नसतात, दोनशे गावांत पसरलेली असतात. म्हणून राजा हजेरी गावच्या पाटलावर टाकतो. टाकली, की कायद्याचा मालक राजा राहत नाही. गैरहजेरी मांडायची की नाही हे पाटलाच्या बोरूवर. सुगीत त्याच्या रानात दोन दिवस फुकट राबलं की संध्याकाळची खूण आपोआप होते. बांधाचा वाद असलेला भाऊबंद वहीत आपोआप जातो. राजधानीत बसलेल्या खलनायकापेक्षा हा पाटील लिहायला अवघड आणि वाचायला जास्त भीतीदायक आहे. तो वाईट माणूस असण्याचीही गरज नाही. त्याच्या डोक्यावरही तलवार आहे: खबर दिली नाहीस तर तुला शिक्षा.

परवान्याचंही असंच. पुढच्या गावी जायचं तर कागद, त्यावर जाण्याची तारीख आणि येण्याची तारीख. श्रावणात कृष्णेला पूर आला, होडी बंद झाली, माणूस पैलतीरी तीन दिवस अडकला. मुदत कालच संपलेली. एकही मंत्र न म्हणता तो गुन्हेगार झाला. तुमच्या नायकाला बंडखोर करायला राजाने त्याचा गुरू मारायलाच हवा असं नाही. पूर पुरतो.

पकडलेल्याला ठेवायचं कुठे, हाही हिशेब करा. एका जादूगारावर एका वेळी दोन पहारेकरी, दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा. आजारपण आणि सुट्टी धरली तर आठ. शंभर जादूगारांना आठशे शिपाई, त्यांचा पगार, त्यांची भाकरी. एवढ्याशा राज्याला हे झेपणार नाही. म्हणून राजा भिंतीऐवजी दुसरं काहीतरी धरतो: बहुधा मुलं. जुन्या कायद्यातल्या त्या वेगळ्या शाळा आठवा. जादूगार पळून का जात नाही, एवढी ताकद असून मान का तुकवतो, याचं उत्तर बेडीत शोधू नका. त्याची मुलगी कुठल्या शाळेत आहे ते पाहा.

उलट वाटही आपल्याकडे आहे. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, १९३९ च्या सुमारास. कैद्यांनी कुटुंबासह राहायचं, शेती करायची, भोवती उंच भिंत नाही. तुमच्या दरबारात असा एखादा प्रस्ताव मांडणारा मंत्री हवा, आणि त्याला फक्त दयाळू करू नका. तो खजिनदार असू द्या. आठशे शिपायांचा खर्च त्यानेच मांडलेला असू द्या.

नकाशा काढताना एक विनंती. राज्यांच्या सीमा सलग काढू नका. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं इंग्रजी मुलखाच्या मधोमध होती. औंधचे तर तुकडे होते: औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि मध्ये साताऱ्याचा इंग्रजी अंमल. ओढा ओलांडला की दुसरा कायदा. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा भूमिगतांना या तुकड्यांचा फार उपयोग झाला, आणि तुफान सेनेचं नाव ज्या कुंडलशी जोडलेलं आहे ते औंधच्या हद्दीतलं होतं. (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.) तुमचा पळालेला जादूगार सात पर्वत ओलांडून कशाला जाईल? बांधापलीकडे जाईल. तिथला राजा त्याला परत देईल का, दिलं तर बदल्यात काय मागेल, यावर दोन प्रकरणं सहज होतात.

प्रतिसरकारातून अजून एक गोष्ट घ्या. ते नुसतं रेल्वे अडवून आणि खजिने लुटून चाललं नाही. त्याची न्यायदान मंडळं होती. गावातले तंटे सोडवले जात, गांधी-लग्नं म्हणजे कमी खर्चाची साधी लग्नं लावली जात, क्रांतीच्या नावावर दरोडे घालणाऱ्यांचा बंदोबस्त केला जाई. लोक त्याला पत्री सरकार म्हणत, आणि त्याचा धाकही होता. तुमचे बंडखोर जादूगार जंगलात बसून फक्त राजाशी लढतात. पण त्यांच्यातलाच एक जण मंत्राच्या जोरावर गावातली बाई पळवतो, तेव्हा? राजाच्या कोर्टात जाता येत नाही. त्यांना स्वतःचं कोर्ट लागतं, शिक्षा ठरवावी लागते आणि मग कोण कोणती विद्या जाणतो याची यादीही लागते. म्हणजे वही त्यांच्याकडेही आली. ज्या वहीविरुद्ध घर सोडलं तशीच वही बंडाच्या छावणीत कोणीतरी आखतो आहे, हा क्षण आम्हाला फार हवा आहे.

दोनच गट करू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी एका गटाकडे सगळे दुर्लक्ष करतात म्हणून लिहितो: ज्यांना नोंदणी हवी आहे असे जादूगार. परवाना आला की ज्याच्याकडे परवाना त्याचा भाव वाढतो. राजधानीतला विद्यापीठवाला मांत्रिक कायद्याला मनापासून पाठिंबा देईल, कारण त्यामुळे खेड्यातल्या पाणाड्याचा धंदा बंद होतो. पाणाड्या हातात बेचकं घेऊन रानात फिरतो, विहीर कुठे खणायची ते सांगतो आणि बदल्यात पायली-दोन पायली ज्वारी घेतो. तुमच्या जगात त्याला खरोखर पाणी दिसत असेल. त्याच्याकडे गुरूचा दाखला नाही, पोथी नाही. विद्या मामाकडून भाच्याकडे तोंडी आली. १८५२ च्या इनाम कमिशनने कागद दाखवा म्हटलं, तेव्हा ज्यांची सनद हरवली किंवा जळली त्यांच्या इनामांवर गदा आली. कब्जा पिढ्यान्‌पिढ्यांचा असला तरी कमिशनला कागद हवा होता. तसंच १८४८ मध्ये साताऱ्याच्या गादीचं झालं. महाराज आप्पासाहेबांनी मरणापूर्वी दत्तक घेतला, डलहौसीने तो नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. राजाला एखादी मंत्रपरंपरा संपवायची असेल तर गुरूला मारायची गरज नाही. गुरू म्हातारा होऊ द्यायचा आणि त्याने निवडलेल्या शिष्याला मान्यता द्यायची नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलू. जादूवरचं नियंत्रण म्हणजे फक्त धोका आवरणं नव्हे. फायदा कोणाला मिळणार, हाही त्यातच येतो. पाटण तालुक्यात कोयनेचं धरण आहे. त्याचं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला कोकणाच्या बाजूला सोडून वीज केली जाते. पूर्वेला जत, आटपाडी, माण, खटाव हे पर्जन्यछायेतले तालुके. तेरा दुष्काळी तालुक्यांच्या लोकांनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, नागनाथअण्णा नायकवडींनी त्यांचं नेतृत्व केलं, आणि मागणी होती समन्यायी वाटपाची. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पाणी जास्त, असं नव्हे. आता तुमच्या राज्यात पाऊस पाडणाऱ्या सात बायका आहेत असं धरा. त्यांना राजवाड्यात ठेवून राजा म्हणेल, 'ही शक्ती मोकळी सोडणं धोक्याचं आहे.' प्रश्न असा की त्या सातजणी या वर्षी कोणाच्या शिवारावर पाऊस पाडतात? वेळापत्रक कोण लिहितं? शेवटच्या टोकाच्या गावाची पाळी येते तेव्हा त्या थकलेल्या का असतात? कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. ते तुमच्या पुस्तकात आलं तर इथला वाचक खुर्चीत सरळ होऊन बसेल.

श्रद्धेशी गाठ पडते तिथेही घाई करू नका. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजा आणि मिरवणूक व्हायची. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती थांबली. गावाची बाजू अशी की हा आमचा मान आहे आणि नाग हाताळायची विद्या पिढ्यांची आहे. कायद्याची बाजू अशी की नागाला गावाच्या श्रद्धेची किंमत मोजावी लागते. दोन्ही बाजूंची माणसं एकाच गल्लीत राहतात. तुमच्या कादंबरीतही बंदी राबवणारा शिपाई त्याच गावचा असू द्या.

हे सगळं एका पुस्तकात कोंबायला आम्ही सांगत नाही. एकच काम सांगतो. पुढचा खर्डा सुरू करण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या राजाची नोंदवही आखा. पहिला रकाना अनुक्रमांक, दुसरा नाव. तिसऱ्यात बापाचं नाव की गुरूचं, ते ठरवा, त्यावरून कायदा जन्माचा की विद्येचा हे ठरेल. चौथ्यात ओळख कशी पटली आणि कोणी पटवली. पाचव्यात काय केलं म्हणून नाव लागलं, हा रकाना तुमच्या राज्यात असेल किंवा नसेल. सहाव्यात हजेरीचं ठिकाण आणि ती घेणाऱ्याचं नाव. सातव्यात मुलं, वयासकट.

मग आठवा रकाना आखा: नाव कमी केल्याची तारीख. त्याखाली कमी करणाऱ्याची सही कोणाची ते लिहा. अशी सही करायचा अधिकार तुमच्या राज्यात कोणालाच नाही असं लक्षात आलं, तर तुमची कादंबरी तिथून सुरू करा.

आपले,
सांगली-साताऱ्यातले काही वाचक आणि खेळगडी